विश्लेषण : मुलाचे हायस्कूल सुरू होताना पालकांची शाळा का सुटते?

पहिलीत मुलाचा हात धरून वर्गापर्यंत येणारे पालक नववी उजाडेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेरच थांबू लागतात. नेमक्या याच वळणावर शाळा बदलते, खर्च वाढतो, मोफत योजना संपतात आणि गळतीही वाढते. तरीही हायस्कूलमधील प्रवेश म्हणजे एका शाळेचा दाखला दुसऱ्या शाळेत नेऊन देणे, एवढाच व्यवहार मानला जातो. या टप्प्यावर पालकांना सोबत घेण्याची जबाबदारी कोणाची, कायदा काय सांगतो आणि काय करता येईल, याचा आढावा.

आठवी-नववीच्या वळणावर काय बदलते?

ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथी-पाचवीपर्यंत किंवा सातवी-आठवीपर्यंत असतात. त्यापुढे शिकायचे तर मोठ्या गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या हायस्कूलची वाट धरावी लागते. ही हायस्कुले बहुतांशी खासगी संस्थांची, अनुदानित असतात. गावातली पायवाट संपते आणि एसटीचे वेळापत्रक सुरू होते. गावच्या शाळेत गुरुजी मुलाला त्याच्या घरादारासह ओळखत असतात. दोन दिवस मूल दिसले नाही तर कोणाकडून तरी निरोप जातो. हायस्कूलमध्ये तासागणिक शिक्षक बदलतात, तुकडी मोठी असते आणि न आलेल्या मुलाची नोंद अनेकदा हजेरीपटावरच राहते.

अभ्यासाचा बाजही बदलतो. नववीत गणिताची दोन पुस्तके हातात पडतात. सेमी-इंग्रजी घेतलेल्या मुलाला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून समजून घ्यायचे असते. संस्कृत घ्यायचे की हिंदी, सेमी घ्यायचे की पूर्ण मराठी माध्यम, असे निर्णय प्रवेशाच्या गर्दीत पाच मिनिटांत होतात. फॉर्मवर सही पालकांची असते. पण या निवडीचा पुढे काय परिणाम होईल हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

शिवाय समोर दहावी दिसत असते. शिक्षण हक्क कायद्यामुळे अनेक वर्षे आठवीपर्यंत मुलांना त्याच वर्गात ठेवले जात नव्हते. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल आता त्याच वर्गात राहू शकते. तरीही खरी चाळणी नववीत लागते, ही जुनी तक्रार कायम आहे. दहावीचा निकाल उजळ दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीत थांबवले जाते किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवले जाते, असा आरोप शाळांवर नेहमी होतो. मूल मागे पडते आहे हे पालकांना कळते ते बहुधा तेव्हाच, निकालाच्या दिवशी.

मोफत शिक्षण आठवीतच का संपते?

२००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. त्यामुळे या कायद्याभोवती उभ्या राहिलेल्या योजनाही आठवीच्या दारात थांबतात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, समग्र शिक्षा योजनेतील मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. एकाच हायस्कूलमध्ये आठवीच्या वर्गातील मुलाला दुपारी खिचडी मिळते, शेजारच्या नववीतल्या त्याच्या भावाला मिळत नाही. खासगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर शिकलेल्या मुलाचीही तीच गत. नववीत पालकांपुढे दोनच पर्याय उरतात, पूर्ण शुल्क भरणे किंवा शाळा बदलणे.

पुस्तके, गणवेश, डबा, प्रवास आणि बहुतेक ठिकाणी शिकवणी असा खर्च एकाच वर्षी अंगावर येतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा खर्च ‘याला पुढे शिकवायचे का’ या प्रश्नाचे रूप घेतो. मदतीच्या योजना नाहीत असे नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठीची एनएमएमएस परीक्षा आठवीत होते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी खास बस आहेत, गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. मात्र या सगळ्याची माहिती वेळेत घरापर्यंत पोहोचणे हा नशिबाचा भाग ठरतो. एनएमएमएसचा अर्ज आठवीतच भरावा लागतो. नववीत चौकशी करणाऱ्या पालकाच्या हाती काहीच लागत नाही.

आकडेवारी काय सांगते?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर गळतीचे प्रमाण २.३ टक्के, सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ३.५ टक्के, तर नववी ते बारावीच्या टप्प्यावर ८.२ टक्के आहे. आठवी संपवून नववीत जाणाऱ्यांचे प्रमाण ८६.६ टक्के आहे. म्हणजे शंभरातील तेरा-चौदा मुले या एका उंबरठ्यावरच अडतात. मागील वर्षांच्या तुलनेत हे चित्र सुधारले आहे, हेही खरे. तरी वर्ग जसा वाढतो तशी गळती वाढते, हा क्रम बदललेला नाही.

‘असर’च्या २०२३ च्या अहवालाने १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली होती. तीत १४ वर्षांच्या मुलांपैकी ३.९ टक्के शाळेबाहेर आढळली. १८ वर्षांच्या वयात हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर गेले. याच वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून कमी मुलांना जमले. नववीच्या वर्गात बसलेले प्रत्येक मूल नववीच्या अभ्यासाला तयार असते असे नाही, हा त्याचा अर्थ. पालकांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत आणि वेळेवर सांगण्याची गरज इथूनच सुरू होते.

पालकांच्या सहभागाबाबत कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. जिल्हा परिषद शाळेत या समितीला शाळा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमधील समितीची भूमिका फक्त सल्ल्यापुरती ठेवली. गावच्या शाळेत समितीवर असलेली आई मुलाबरोबर हायस्कूलच्या दारात आली की तिचा अधिकार असा एका पायरीने खाली येतो.

माध्यमिक स्तरावर शाळा व्यवस्थापन व विकास समितीची कल्पना केंद्राच्या योजनेतून आली. तिला शिक्षण हक्क कायद्यासारखे बळ नाही. खासगी शाळांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे त्यानुसार बंधनकारक आहे. पण तो संघ मुख्यतः शुल्काच्या प्रश्नासाठी आहे. शाळा बदलणाऱ्या मुलाच्या पालकांना कोणी, केव्हा आणि काय सांगायचे, हे यांपैकी कुठेच नेमके लिहिलेले नाही. जुन्या शाळेचे काम दाखला देऊन संपते, नव्या शाळेचे काम दाखला घेऊन सुरू होते. मधले दोन महिने कोणाचेच नसतात.

पालक मागे का हटतात?

‘पालकांना शिक्षणाचे पडलेलेच नाही’ हे शिक्षकांच्या खोलीत सर्रास ऐकू येणारे वाक्य अर्धवट खरे आहे. पालकसभा बहुधा कामाच्या दिवशी, सकाळी अकरा-बाराला ठेवली जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी त्या सभेची किंमत एका दिवसाची मजुरी असते. ती बुडवून आलेल्या पालकाला सभेत काय मिळते? सूचनांचे वाचन, गुणांची यादी आणि सर्वांसमक्ष मुलाबद्दलची तक्रार. पुढच्या वेळी तो आला नाही, तर त्याला उदासीन म्हणणे सोपे आहे.

हायस्कूलमध्ये पालकांना बोलावण्याचे सर्वात प्रचलित निमित्त म्हणजे ‘उद्या वडिलांना घेऊन ये’. हे निमंत्रण म्हणजे शिक्षाच. ते मिळू नये म्हणून मुले धडपडतात आणि मिळाले तर घरी सांगत नाहीत. दुसरीकडे स्वतः सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या पालकाला वाटते की आपल्याला कळण्याजोगा अभ्यास आता संपला. ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच बघा गुरुजी’ या शब्दांत विश्वास असतो तसा संकोचही असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलालाही आई-वडील शाळेत आलेले नको असतात. ते वयच तसे असते. त्यामुळे तिन्ही बाजूंनी दार लोटले जाते आणि कोणी मुद्दाम बंद न करताही ते बंद होते.

महाराष्ट्रातील हायस्कूलचा इतिहास पाहता हे अधिकच खटकते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या कामात गावोगावच्या घरांतून जमा झालेल्या मूठभर धान्याचा वाटा होता. अक्षरओळख नसलेल्या बायांनी शिक्षणासाठी जात्यावरच्या दाण्यांतून मूठ बाजूला काढली. शाळा समजायला पालक शिकलेला असावा लागतो, ही समजूत नंतरची आहे.

अभ्यास काय सांगतात?

पालकांनी काय करावे, याबाबत संशोधनातून मिळणारे उत्तर दिलासा देणारे आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात या वयातील मुलांच्या पालकांच्या सहभागावरील ५० अभ्यास एकत्र तपासले. गृहपाठात थेट मदत केल्याने फायदा होतोच असे त्यात दिसले नाही. शिक्षणाचे मोल काय, पुढे काय व्हायचे आहे, त्यासाठी आज काय करायला हवे, अशा गोष्टी घरात बोलल्या जाण्याचा संबंध मुलांच्या प्रगतीशी सर्वाधिक आढळला. अभ्यास अमेरिकेतील आहेत, तिथली घरे आणि शाळा वेगळ्या आहेत. पण बीजगणित न येणाऱ्या आईलाही हे बोलणे जमू शकते, ही गोष्ट सगळीकडे सारखीच.

दुसरा दाखला फ्रान्सचा. पॅरिसजवळच्या क्रेतेई शिक्षण विभागात २००८-०९ मध्ये प्राथमिक शाळा संपवून नव्या शाळेत आलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रयोग झाला. वस्ती गरीब, बरेच पालक स्थलांतरित. मुख्याध्यापकांनी पालकांबरोबर काही बैठका घेतल्या आणि शाळा कशी चालते, घरून काय करता येते, यावर चर्चा केली. त्या वर्गांत वर्षअखेरीस गैरहजेरी आणि शिस्तभंगाच्या कारवाया कमी झाल्या. विशेष म्हणजे ज्या मुलांचे पालक बैठकांना आले नव्हते त्यांच्या वागणुकीतही सुधारणा दिसली. ‘सगळे पालक येतच नाहीत, मग कशाला घ्यायचे’ या नेहमीच्या आक्षेपाला यात उत्तर आहे. निम्मे पालक आले तरी सगळ्या वर्गाची हवा बदलू शकते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर का?

मुलगी हायस्कूलमध्ये जाते तेव्हा घरात अभ्यासाआधी रस्त्याची चर्चा होते. बस किती वाजता, सोबत कोण, संध्याकाळी उशीर झाला तर काय. शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न विचारला जात नाही, पण त्याच्या उत्तरावर पाळीच्या दिवसांतली हजेरी ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या महिलांपैकी २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. शाळा सुटली की स्थळे पाहणे सुरू होते आणि स्थळ आले की शाळा सुटते, असे हे दुहेरी चक्र आहे. नववीत लागोपाठ पंधरा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीच्या घरी शाळेतून कोणी गेले की नाही, यावर कधीकधी तिचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. पालकांशी ओळख जूनमध्येच झालेली असेल तर डिसेंबरमध्ये त्यांच्या दारात उभे राहणे सोपे जाते. अनोळखी शिक्षकाचे असे येणे मात्र चौकशीसारखे वाटते.

पालकच गावात नसतील तर?

बीडसह मराठवाड्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष पालक फडावर असतात. लहान मुलांना अनेकदा सोबत नेले जाते. मोठी मुले आजी-आजोबांकडे राहतात किंवा कोयता हाती घेतात. अशा घरांसाठी ‘पालक’ या शब्दाचा अर्थ शाळेने रुंद करायला हवा. आजी, काका, मोठी बहीण यांपैकी मागे राहणारी जबाबदार व्यक्ती कोण, हे टोळी निघण्यापूर्वी, सहामाहीच्या आधी नोंदवून घेता येते. फडावरच्या आईशी रविवारी संध्याकाळी फोनवर पाच मिनिटे बोलता येते. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?

करोनाकाळानंतर जवळपास प्रत्येक वर्गाचा ग्रुप झाला आहे. पण त्यावर परिपत्रकांच्या पीडीएफ, सुट्ट्यांच्या सूचना आणि शुभेच्छा यांचीच रीघ असते. बऱ्याच घरांत तो फोन मुलाच्याच हाती असतो. आपल्या गैरहजेरीचा निरोप तोच वाचतो आणि तोच पुसतो. सर्वांना पाठवलेली सूचना कोणालाच उद्देशून नसते. त्यापेक्षा आठवड्याला एकाच पालकाला गेलेला, त्यांच्या मुलाचे नाव असलेला, मराठीतील वीस सेकंदांचा आवाजी निरोप अधिक काम करतो. वाचता न येणाऱ्या पालकालाही तो ऐकता येतो. त्यात कधीतरी चांगली बातमीही असावी.

मग करायचे काय?

याचा नमुना राज्याकडे तयार आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान २०२२ पासून राबवले गेले. गावात मेळावे झाले, मातांचे गट बनले, घरी करून घेण्याच्या कृती त्यांच्या फोनवर पाठवल्या गेल्या. सहा वर्षांच्या मुलासाठी जी तयारी आवश्यक मानली गेली, ती चौदा वर्षांच्या मुलासाठी अनावश्यक ठरवण्याचे कारण नाही. धोका तर दुसऱ्या वळणावर जास्त आहे.

अशा ‘दुसऱ्या पावला’ची सुरुवात जूनमध्ये नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये व्हायला हवी. हायस्कूलच्या शिक्षकांनी एकदा गावच्या शाळेत यावे. सभा तिथेच, पालकांच्या ओळखीच्या अंगणात आणि संध्याकाळी व्हावी. जुन्या गुरुजींनी नव्या शिक्षकांशी पालकांची ओळख करून द्यावी आणि मुलाला काय येते, काय येत नाही हे दाखल्यासोबत एका कागदावर लिहून द्यावे. गुणपत्रिकेत न मावणारी माहिती, जसे घरची अडचण, आजार, चांगला आवाज, कबड्डीची आवड, त्या कागदावर यावी. पालकांना वर्षाच्या खर्चाची आणि मिळू शकणाऱ्या सवलतींची यादी एकत्रच द्यावी. नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद तपासून घ्यावी. दहावीनंतर ती दुरुस्त करताना पालकांच्या चपला झिजतात.

शाळा सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे निर्णायक मानावेत. सलग तीन दिवस मूल आले नाही तर घरी फोन जावा, आणि तो करणारा वर्गशिक्षक कोण हे पालकांना नावानिशी माहीत असावे. पहिल्या घटक चाचणीनंतर पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे, सगळ्यांसमोर गुण वाचून नव्हे. पालकांकडून अपेक्षा तीनच ठेवाव्यात : मूल रोज शाळेत जाईल, घरात अभ्यासाला तासभर निवांत जागा मिळेल आणि आठवड्यातून एकदा ‘शाळेत काय चाललंय’ हे विचारले जाईल. भूमिती शिकवणे हे शाळेचे काम आहे.

शिक्षकांवर आणखी एक ओझे?

हा आक्षेप रास्त आहे. निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि रिक्त पदे यांनी शिक्षक आधीच वैतागलेले आहेत. पालकसंपर्काचे आणखी एक रजिस्टर, फोटो आणि लिंक असे त्याचे रूप झाले, तर ही कल्पना पहिल्याच वर्षी कागदावर मरेल. म्हणून या कामासाठी वेळापत्रकात तास हवा, संध्याकाळच्या सभेच्या बदल्यात शिक्षकांना सवलत हवी आणि अहवाल मागण्याचा मोह वरच्या कार्यालयांनी आवरायला हवा. शिवाय नववीत पोषण आहार, पुस्तके आणि प्रवास यांचा भार शासन उचलणार नसेल, तर निव्वळ पालकांच्या प्रबोधनाने गळती थांबणार नाही. सरकारने आपली जबाबदारी आठवीला संपवायची आणि पालकांच्या जबाबदारीवर नववीपासून व्याख्याने द्यायची, हे न्यायाचे नाही.

तरीही योजनांची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. मूल शाळेतून एका दिवसात सुटत नाही. आधी एक तास बुडतो, मग एक दिवस, मग आठवडा. त्या प्रत्येक पायरीवर शाळा आणि घर यांपैकी एकाला कळलेले असते, दुसऱ्याला नसते. ही दोन माणसे एकमेकांना आधीपासून ओळखत असतील, तर एवढी बातमी पोहोचायला एक फोन पुरतो.